ठणठणीत ताई

त्या सकाळी ताईने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. वीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेल्या बाईच्या हातून! शिंपीमास्तर ओरडले नाहीत, म्हणून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अजून डोकं दुखतं?" त्यांनी विचारलं.

"आडवी पडले की बरं असतं. उठले की घणाचे घाव. माप घेते आणि वहीपर्यंत जाईतो आकडा गुल!"

डोक्यात साठणारं पाणी पोटात उतरावं म्हणून सहा महिन्यांपूर्वी तिच्या कातडीखालून नळी घातली होती.

"मग डॉक्टरला दाखव की."

"ते बोलावणार होते. बोलावलंच नाही."

"आपण विचारावं! तोंड शिवलंय का तुझं?"

मास्तरांच्याच फोनवरून तिने इस्पितळात विचारलं. परिचारिका वैतागली. "अहो, तीनदा फोन केला! नळीतून पाणी किती उतरावं, ती झडप जुळवायची, पाच मिनिटांचं काम. तुमची बहीण म्हणाली, ताई ठणठणीत आहे, परत फोन करू नका."

नंबर धाकटीचा दिला होता. दुसरा कुणाचा देणार? बाप गेल्यावर जिला पोटाला चिमटा काढून शिकवलं, तिचाच ना! ताईला रडूही येईना.

ती घरी आली, तर धाकटीच्या लग्नाच्या बोलणीला मुलाकडचे येऊन बसले होते. आईने ताईला मागच्या दारातच अडवलं. "डोक्याला रुमाल बांध आणि आतच बस. घराण्यात असलं दुखणं आहे कळलं, तर स्थळ हातचं जाईल."

धाकटी पाणी न्यायला आत आली. "फोन तू घेतलास?" ताईने विचारलं.

"लग्न होईपर्यंतच गं. दोन महिने कळ काढ ना."

"कळ मी काढायची, आणि किती ते तू ठरवायचं?"

ताई रुमाल न बांधताच बाहेरच्या खोलीत गेली. कानामागचा व्रण सगळ्यांना दिसला. "मी हिची मोठी बहीण. डोक्यात नळी आहे, ती तपासायला निघालेय. चक्कर येते, कुणीतरी सोबत चला."

नवरामुलगा आणि त्याचे वडील चहाच्या कपांत बघत राहिले. त्याची आई "अगंबाई!" म्हणाली. ताईच्या आईने डोळे वटारले. धाकटी दारात रडत होती, पण जागची हलली नाही. खोलीत पाच माणसं होती, एकही पुढे झालं नाही. ताई भिंत धरून एकटीच जिना उतरली.

स्थळ मोडलं की जुळलं, हे मी सांगणार नाही. ते विचारायचा मोह ज्याला झाला, त्याने त्या खोलीतली सहावी खुर्ची आपलीच समजावी.