कोनाड्यातला पहिला ढोल

कार्निवलच्या रस्त्याला मध्यावर एक कोनाडा आहे. आम्ही वादक उलट्या पावलांनी त्यात शिरतो आणि नाचणारे, गाड्या, अख्खं सांबा मंडळ समोरून पुढे सरकेपर्यंत तिथेच वाजवत उभे राहतो. मागे भिंत, आजूबाजूला ढोल. मधेच निघायची सोय नाही. मला विचाराल तर मी जन्मल्यापासून त्यातच उभी आहे.

कारण वादकांचे उस्ताद माझे पप्पा, आणि पहिला मोठा ढोल माझा. त्याच्यावर सगळा ताफा चालतो. म्हणून मी, इवोनेतीने, आजारी पडायचं तेसुद्धा कार्निवलला विचारून! आता दूर रेसिफे शहरातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली होती, परवाची बस होती, आणि पप्पांना सांगायचा धीर होत नव्हता. आज वाजवून झालं की सांगायचंच, असं ठरवलं होतं.

मंडळं रात्रभर एकामागून एक निघतात आणि आमचा नंबर शेवटचा, त्यामुळे चांगलं ऊन आलं होतं. पट्टा खांद्यात रुतत होता. कोनाड्यात माझ्या शेजारी दुसऱ्या ढोलावर जेनिवाल.

"काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?" तो ओरडला.

"तुझा ढोल बघ, मेल्या. पुढच्या वर्षी मी नाहीच इथे."

"दरवर्षी म्हणतेस! उस्ताद सोडतायत तुला!"

तेवढ्यात पप्पांनी मूठ आवळली आणि सगळे ढोलताशे एका झटक्यात बंद झाले. हा आमचा ठेवणीतला डाव. गाण्याची एक ओळ नुसती लोकांनी म्हणायची. ती संपली की पप्पांचा हात खाली येणार, मी एकटीने ठोका देणार, आणि मग सगळे तुटून पडणार.

ओळ संपत आली. पप्पांचा हात वरच. ते लोकांकडे बघतच नव्हते, माझ्या हातातल्या टिपरावर डोळे लावून उभे होते. चेहरा असा घाबरलेला की मी तो कधी पाहिलाच नव्हता. ओळ संपली. हात वरच.

"मार की गं!" जेनिवाल खेकसला.

मी मारला. आणि पप्पांचा हात खाली आला तो माझ्या ठोक्यानंतर. नंतर!

तेव्हा मला कळलं. त्यांना गाणं ऐकूच येत नव्हतं. घरी आम्ही म्हणायचो, म्हातारा तोऱ्यात असतो, हाक मारली तर वळत नाही. तोरा कसला, कपाळ! माझा ठोका त्यांच्या छातीत जाणवायचा आणि तेवढ्यावर ते उस्ताद होते. म्हणून मला कायम हाताच्या अंतरावर उभी करायचे. मी गेले तर पहिल्याच तालमीत उघडे पडणार. असा राग आला मला, आणि वाजवता वाजवता रडूही येत होतं.

कोनाड्यातून निघालो, रस्ता संपला, ढोल उतरले. पप्पांभोवती गर्दी झाली, पाठीवर थापा पडायला लागल्या. मी समोर जाऊन रोजच्या आवाजात म्हटलं, "पप्पा, मी परवा रेसिफेला चाललेय. कायमची."

त्यांनी माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं. मग माझा गाल थोपटला. "वा, बाळा, वा! पुढच्या वर्षी असंच वाजवायचं हं."

आता पुन्हा सांगायचं तर ओरडायला लागणार होतं, आणि सगळी माणसं आमच्याकडेच बघत होती.

मी नुसती ‘हो’ म्हणून मान डोलावली. ती त्यांना दिसली.