पुसून पुसून बंद पडलो

मित्रांनो, मी नगरपालिकेच्या छोट्या वीजघरातला एक जुना जनरेटर आहे. वीजघर म्हणजे काय, तर एक तेलाची टाकी, एक धुराडं आणि मी. वीज गेली की पालिकेचं प्रसूतिगृह सांभाळायचं, ही माझी नोकरी. माझ्या उद्घाटनाला मी असा काही धडधडलो, की एकही भाषण कुणाला ऐकू आलं नाही. तेवढ्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

पुढे वीज जाणं कमी झालं आणि माझे ऑपरेटरकाका मला जपू लागले. आठवड्यातून एकदा मला चालवून बघायचा नियम होता. काका म्हणायचे, “उगाच कशाला झिजवायचं?” त्याऐवजी ते मला पुसायचे. काकांचं घर शेजारीच; पाहुण्यांना आधी मी दाखवला जाई, मग घरची मंडळी.

काकू एकदा म्हणाल्या, “माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का हो?”

“तुझं सारखं चालूच असतं ना,” काका म्हणाले.

एका दुपारी वादळात वीज गेली. प्रसूतिगृहात नेमकी काकांचीच लेक ऑपरेशनच्या टेबलावर होती. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, “बॅटरीवरचे दिवे फार टिकायचे नाहीत. लवकर वीज द्या!”

काकांनी बटण दाबलं. मी ‘खक्’ केलं आणि गप्प झालो. बॅटरी उतरलेली, तेलात गाळ. बाहेरून मात्र आरसा!

“अहो, कालच तर पुसलाय!” काका फोनवर रडकुंडीला आले.

“मग आता त्यात तोंड बघा!” धावत आलेल्या काकू कडाडल्या. “दारात कचऱ्याची गाडी उभी आहे, तिची बॅटरी जोडा. आणि हा उघडा आधी!”

काकांनी माझी गाळणी सोडवली. काळा चिखल भळाभळा त्यांच्या शर्टावर आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला आतून प्रथमच पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाळणी धुतली, बॅटरी जोडली, आणि मी खोकत, शिंकत, आभाळभर धूर सोडत सुरू झालो.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. काका धावत गेले, तर नर्सने दारातच अडवलं, “आजोबा, आधी आंघोळ!”

मित्रांनो, आमच्यावर माया असेल तर आम्हाला चालवा. झिजू द्या, धूर सोडू द्या. नुसतं चकचकीत बसून राहायला पालिकेत इतर मंडळी आहेत.