खिशातली कॉफी

रोझविता शिमान्स्कीने ट्रॉलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चार वस्तूंसाठी फटीत नाणं घालून ती लोखंडी गाडी सोडवायची आणि दुकानभर खडखडाट करत हिंडायचं, हे तिला उभ्या आयुष्यात पटलं नव्हतं. जर्मनीतल्या हेर्न गावच्या या खाणकामगार वसाहतीत कुणालाच पटत नाही म्हणा. त्या स्वस्तातल्या सुपरमार्केटात टोपल्या नाहीत, कधी नव्हत्याच. माणसं फळीवरचं रिकामं खोकं उचलतात आणि त्यात माल भरतात, नाहीतर सरळ छातीशी कवटाळतात. दूध काखेत, पाव हनुवटीखाली, दह्याचे डबे बोटांत. नवरा खाणीत उतरत होता तेव्हापासून रोझविता असाच बाजार करायची. "हातात मावत नाही ते घरात लागत नाही," असं वर चारचौघींना ऐकवायचीही.

पण हात दोन होते तेव्हाची ही गोष्ट.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती उठली आणि कप उचलायला गेली, तर कप खाली पडून फुटला. डावा हात खांद्यातून हलत होता, कोपरात वाकत होता, पण बोटं काही धरीनात. डॉक्टरकडे जायला हवं होतं, हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण डॉक्टर म्हणजे इस्पितळ, आणि इस्पितळ म्हणजे डेटलेफला फोन. तिचा हा एकुलता एक मुलगा वाईट नव्हता, पण त्याने उन्हाळ्याआधी, ती न्हाणीघरात घसरून पडली तेव्हाच बजावलं होतं. "आई, आणखी एकदा काही झालं ना, तर सरळ वृद्धाश्रम. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

तो वृद्धाश्रम तिने पाहिला होता. शेजारची उर्सेल तिथेच होती. अख्ख्या गल्लीला शिव्यांनी हलवून सोडणारी बाई, आता तिला चोचीच्या कपातून कॉफी पाजत होते आणि हनुवटी पुसत होते. उर्सेल पुसून घेत होती, हे रोझविताला जास्त लागलं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती परतीच्या वाटेवर मोठ्याने बोलली होती.

म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. डेटलेफकडे रविवारी केक खाल्ला तोही एका हाताने, डावा मांडीवर रुमालाखाली ठेवून. सुनेने आग्रह केला, नातीने फोटो काढले, कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही. घरी येऊन म्हातारी स्वतःवरच खूश झाली होती.

दुकानात मात्र सोंग वठवणं अवघड जात होतं. ट्रॉली एका हाताने ढकलली की डावीकडे ओढ घेते. मागच्या खेपेला नाइलाजाने घेतली, तर ती वाटाण्याच्या डब्यांवर जाऊन आदळली होती आणि सगळे बघत होते. खोकं धरायचं तर दोन हात हवेत. राहिलं काय, तर जुनीच रीत. डावा हात कोपरात वाकवून पोटाशी घट्ट दाबायचा आणि त्या खोबणीत उजव्याने एकेक वस्तू ठेवत जायचं. लांबून पाहिलं तर बाई नेहमीसारखीच दिसायची.

लोणी बसलं. पनीरासारखं ते मऊ क्वार्क बसलं. काळ्या पावाचा तुकडा बसला.

"काय गं रोझविता, लोण्याला मिठी मारून कुठे निघालीस?" मागून लोथार ओरडला. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा, तिच्या नवऱ्याबरोबर खाणीत काम केलेला. त्याच्या खोक्यात बिअर आणि मांजराचं खाणं. "माझी आठवण नाही का झाली?"

"तुझ्यापेक्षा लोणी मऊ आहे," ती म्हणाली. "आणि घरी नेलं तर घोरत नाही."

लोथार खो खो हसला आणि पुढे गेला. त्याला काही दिसलं नाही. तिला बरं वाटलं.

मग कॉफी. कॉफीवाचून तिचं चालायचं नाही. तिने पाकीट पावावर ठेवलं आणि दोन पावलं टाकली, तर ते कोपरातून घसरायला लागलं. तिने उजव्या हाताने ते वरचेवर पकडलं. आता पाकीट उजव्या हातात, बाकी सगळं डाव्या कोपरात, आणि लोणी हळूहळू खाली सरकतंय. इकडे आड, तिकडे विहीर. तिने कॉफी कोटाच्या खिशात टाकली आणि मोकळ्या हाताने लोणी सावरलं.

अहो, त्या दुकानात माणसं पाव दातांत धरतील, पण माल खिशात घालणार नाहीत. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रोझविताला ठाऊक नव्हतं? पण काउंटर समोरच दिसत होता. तिथवर जायचं आणि काढून ठेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

काउंटरवर गुड्रुन होती. तिचे हात कसे चालतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. तुम्ही वस्तू पट्ट्यावर ठेवता न ठेवता तोच ती पलीकडे भिरकावते, आणि तुम्ही उचलली नाही तर मागच्याचा माल तुमच्या मालावर येऊन पडतो. रांगेतली माणसं सुस्कारे टाकायला लागतात. रोझविताने एका हाताने पैशांची पर्स उघडली, पैसे दिले, सुटे परत घेतले, लोणी पिशवीत कोंबलं, पिशवीचं तोंड मिटेना तेव्हा पोटाने भिंतीशी दाबून धरलं. पाठीतून घामाची धार लागली. एक वस्तूही खाली पडली नाही. जमलं! या आनंदात ती दाराशी पोचली आणि खिशातल्या कॉफीचा तिला साफ विसर पडला.

"बाई, एक मिनिट. कोटाच्या खिशात काय आहे?"

मॅनेजर होता, पोल नावाचा. नवा आला होता, चेहऱ्यावरून सभ्य वाटायचा. सगळी रांग वळून बघत होती, लोथारसुद्धा. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

मागच्या खोलीत तिला खुर्ची दिली. पोल कागद आणायला गेला तेवढ्यात गुड्रुन काउंटर सोडून धावत आत आली.

"शिमान्स्कीबाई, मी बघितलंय. तुमचा तो हात चालत नाहीये. म्हणून खिशात ठेवलंत ना? सांगा ना त्यांना तसं. मी पण सांगते. तुमच्या मुलाला फोन करू, तो डॉक्टरकडे नेईल, विषय संपला."

गुड्रुन मनापासून बोलत होती. रोझविताचे डोळे भरून आले. अख्ख्या वसाहतीत हे एका माणसाने बघितलं होतं, आणि तिला वाटलं, या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून एकदाचं सगळं सांगून टाकावं. मग तिला चोचीचा कप दिसला.

"माझ्या हाताला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "तू आपला काउंटर बघ."

"अहो, पण ते तुम्हाला चोर म्हणतील!"

"म्हणू देत. चोरलीच आहे मी. कॉफी महाग झालीय."

बाहेर रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि मान हलवत गुड्रुन निघून गेली.

पोलसमोरही रोझविताने तेच सांगितलं. चोरली. हो, मुद्दाम. साठ वर्षं ज्या बाईने कुणाची टाचणी उचलली नव्हती, तिने हे शब्द तोंडातून काढले. पण तिचा हिशेब सरळ होता. चोराला दंड होतो आणि चोर घरी जातो. आजारी म्हातारीला कुणी घरी जाऊ देत नाही.

तिने उजव्या हाताने कबुलीच्या कागदावर सही केली. पोलने कागद उचलला आणि खाली मान घालून म्हणाला, "आणि आजपासून या दुकानात यायचं नाही, बाई. मनाई आहे. आलात तर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"कधीपर्यंत?"

"तसं काही नसतं. कायमचंच."

हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. ती अजून पोलकडे बघत होती तोच दार उघडलं आणि डेटलेफ आत आला, धापा टाकत, कामावरच्या कपड्यांत. लोथारने फोन केला होता. भल्यासाठीच केला होता, त्याला काय बोलणार.

डेटलेफने एकवार पोलकडे पाहिलं, एकवार आईकडे. मग मॅनेजरची माफी मागितली, दोनदा, आणि तिची पिशवी उचलून पुढे चालू लागला. रांगेतून जाताना त्याने मान वर केली नाही.

गाडीत त्याने आधी पिशवी मागच्या सीटवर ठेवली. मग म्हणाला, "पैसे कमी पडत होते तर मला सांगायचंस ना, आई. मी नाही म्हटलं असतं का?"

तिने डावा हात कोटाखाली सारला.

"आता काय खाणार आहेस? सांग ना. कोपऱ्यावरचा बेकरीवाला गेला, खाटीक गेला, चालत जाण्यासारखं हे एवढंच होतं. मी रोज येऊ? जमतंय का मला?" त्याचा आवाज फाटला. "शनिवारी तिकडे जाऊन येऊ. खोली रिकामी आहे, मी मागेच विचारून ठेवलंय."

मग सगळं गेलंच होतं. झाकायला काही उरलंच नव्हतं. निदान चोर म्हणून तरी जायला नको, एवढं तिला वाटलं.

"डेटलेफ, मी चोरी केली नाही रे. माझा डावा हात गेलाय. महिना झाला. धरवत नव्हतं म्हणून खिशात ठेवली."

त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"आई, नको ना. मॅनेजरसमोर कबूल केलंस, सही केलीस. आता मला कशाला फसवतेस? रविवारी तर ठणठणीत होतीस."

"हात बघ ना माझा."

"बरं, बरं," तो न बघताच म्हणाला, आणि गाडी वळवली.