त्रेसष्ट गटांचा विटाळ

रविवारी सकाळी दहा वाजता मंद्रूपच्या मारुतीपुढं दोनशे माणसं एका मोबाइलला हात जोडून उभी होती. खाली पाट, पाटावर भगवं कापड, त्यावर मोबाइल. कुणीतरी भक्तिभावानं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, ते कॅमेऱ्याच्या भोकात जाऊन बसलं होतं. शेजारी भजनी मंडळाचा स्पीकर जोडलेला.

मोबाइल वाजला तशी गर्दी गप्प झाली.

"बाळांनो, काळ म्हणजे एक विहीर हाय." मध्येच एक खोकला. "तुमी काठावरनं बघता, मी तळाला बसून बघतो. तळातनं मला सोलापूरचं यार्ड दिसतं. येत्या शनिवारी कांदा... चढणार."

बायकांनी डोळे मिटले. एका म्हाताऱ्यानं जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला.

मी अजिंक्य. एसटी स्टँडजवळ माझं औषधाचं दुकान आहे. मी मागं उभा राहून हे बघत होतो आणि मला ते पटत नव्हतं. पण गावाचं म्हणणं खोडायला माझ्याकडं काही नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी एका अनोळखी नंबरानं गावातल्या कांदेवाल्यांना एका व्हॉट्सॲप गटात घेतलं होतं. नाव 'विरुपाक्ष महाराज भाव-भाकणूक, मंद्रूप'. दर रविवारी महाराज सांगायचे, कांदा चढणार की उतरणार. पाचही वेळा तसंच झालं होतं.

गावात कांद्याच्या बाबतीत शब्द चालायचा तो बजाबाईचा. साठी ओलांडलेली बाई. तिनं गोण्या भरल्या की गाव गोण्या भरायचं. त्या रविवारी तिची पिकअप भरून दारात उभी होती, ती तिनं रिकामी करायला लावली.

मी म्हणालो, "काकू, चार दिवस आभाळ आहे. चाळीतल्या कांद्याला वास सुटलाय."

"महाराज तळातनं बघत्यात, अजू. तू दुकानातनं बघतूस."

शनिवारी कांदा क्विंटलमागं पाचशेनं उतरला. बजाबाईच्या चाळीत हात घातला तर बोटं आत जायची, इतका माल सडला होता.

त्याच संध्याकाळी महाराज बोलले. आवाजात तक्रार होती, जणू नुकसान त्यांचंच झालंय.

"मी चुकलो न्हाय. तुमच्यातली एक विटाळशी बाई कांद्याच्या चाळीत शिरली. माझी दृष्टी झाकली गेली. गट बंद."

गट बंद झाला. नंबर लागेना.

दोनशे घरांचं गाव, घरोघरी कांदा निवडायला बायकाच. आठवडाभरात त्यातली एकही पाळीत चाळीत गेली नसती तर तो चमत्कार म्हणावा लागला असता. पण एवढा विचार करायला कुणाला सवड नव्हती. रात्र उलटायच्या आत गावानं बाई शोधून काढली. बजाबाईची सून, दानेश्वरी. नाव सासूनंच सांगितलं. चाळीत तिला पाठवलंही सासूनंच होतं.

सोमवारी तिच्या अंगावर थंड पाण्याच्या दोन घागरी ओतल्या आणि देवळापुढच्या फरशीवर तिला नाक घासायला लावलं. पंचवीस वर्षांची, बीएस्सी झालेली मुलगी. तिचा नवरा अभिमन्यू स्वतःच्या चपलांकडं बघत उभा होता. चार पोरं हसत होती. आणि मी? मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ओट्यावर उभा होतो. लोकांची किळस मला नंतर आली, आधी स्वतःची आली.

तिला विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. महाराजांची क्षमा मिळेपर्यंत घराचा उंबरा बंद.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली. नाकाच्या शेंड्यावर खपली धरली होती. मी मलम काढायला वळलो तर म्हणाली, "मलम राहू द्या, दादा. हे ऐका."

करमाळ्याला दिलेल्या तिच्या बहिणीचा, वैजयंतीचा, आदल्या दिवशी फोन आला होता. तिला इकडचं काही ठाऊक नव्हतं. ती कौतुकानं सांगत होती, आमच्या गटाच्या महाराजांनी सहा वेळा सांगितलं आणि सहाही वेळा खरं ठरलं. दानेश्वरीनं तिच्याकडून त्या रविवारचा आवाज मागवून घेतला.

"बाळांनो, काळ म्हणजे एक विहीर हाय." तोच खोकला, त्याच जागी. "येत्या शनिवारी कांदा... उतरणार."

मी तो पुन्हा लावला. शेवटचा शब्द सोडला तर सगळं तेच होतं.

"मंद्रूपला चढणार आणि करमाळ्याला उतरणार," दानेश्वरी म्हणाली. "यार्ड एकच. दोन्हीतलं एक खरं होणारच होतं की." मग म्हणाली, "माझ्या कॉलेजातल्या मॅडमना विचारू या."

बुद्धप्रिया मॅडम सोलापुरात संख्याशास्त्र शिकवतात. त्यांनी दोन्ही आवाज ऐकले. मग दोन्ही गटांच्या नावाशेजारची चित्रं मोठी करून बघितली. महाराजांच्या फोटोच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता. मंद्रूपवर सदतीस, करमाळ्यावर बावन्न.

"म्हणजे किमान बावन्न गट आहेत," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे कुठं गेले ते बघू."

त्यांचे विद्यार्थी जिल्हाभरचे. त्यांनी आपापल्या गावी फोन केले. आठवड्याभरात एकेचाळीस गटांचे आवाज गोळा झाले. सगळ्यात मोठा आकडा चौसष्ट. काही गट पहिल्याच आठवड्यात बंद पडलेले, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. प्रत्येक बंद गटाला शेवटचा निरोप एकच. विटाळशी बाई, झाकलेली दृष्टी.

"पण कुणीच कसं बोललं नाही?" मी विचारलं.

"लाजेनं," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक गावाला वाटलं, खोट आपल्याच गावात आहे. आपल्या घरची बाई कोण चव्हाट्यावर आणील? त्यानं गणित चांगलं केलंय, पण लोकांना त्याहून चांगलं ओळखलंय." त्यांनी वही मिटली. त्यांचा चेहरा कडू झाला होता.

पुढच्या रविवारी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये महाराजांचा दरबार होता. गट बंद पडलेल्या गावांनाही नव्या नंबरावरून बोलावणं होतं. त्यांनी प्रायश्चित्त घ्यावं आणि वर्षाची दीक्षा विकत घ्यावी. मंद्रूपहून तीन टेम्पो निघाले. बजाबाई सुनेला क्षमा मागायला घेऊन चालली होती. दानेश्वरी मुकाट्यानं टेम्पोत चढली. आम्ही मॅडमना वाटेत घेतलं.

शेडमध्ये तीनशेवर माणसं. महाराज चाळिशीचे, केस रंगवलेले, कानामागं बारीक माइक. पुढच्या रांगेत करमाळ्याचे लोक हार घालून बसवलेले, दुकानात नमुन्याचा माल मांडावा तसे.

"माझ्याकडं काय हाय?" महाराज म्हणाले. "पुस्तक न्हाय, पंचांग न्हाय, कंपूटर न्हाय. मोठमोठे साहेब हजार आकडे जुळवत बसत्यात. मी डोळे मिटतो आन् भाव माझ्या पापणीवर येऊन बसतो." माशी बसल्यासारखी त्यांनी पापणी फडफडवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग दोषी गावांना पुढं बोलावलं. दानेश्वरी माइकपाशी गेली. महाराजांनी मान कलती करून दयाळू चेहरा केला.

"सांग, लेकी. तुझ्या तोंडानं सांग."

तिनं मोबाइल माइकला लावला. आधी मंद्रूपचा आवाज, मग करमाळ्याचा. विहीर, खोकला, चढणार. विहीर, खोकला, उतरणार.

करमाळ्याचे हारवाले एकमेकांकडं बघायला लागले. महाराज हसले, पण घाई करून हसले. "प्रत्येक गावाचा काळ येगळा असतो, बाळांनो."

"भाव तर एकाच यार्डाचा की," मागून कुणीतरी म्हणालं.

सेवेकऱ्यांनी माइक बंद केला. पण बजाबाईच पुढं आली. तिला महाराजांवरचा विश्वास अजून सोडवत नव्हता. "मग पाच येळा बरोबर कसं आलं? ते सांगा कुनीतरी. मी माज्या कानानं ऐकलंय."

बुद्धप्रिया मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या. ऐंशी मुलांच्या वर्गाला पुरणारा आवाज, त्यांना माइक लागला नाही.

"सगळे उभे राहा. मी नाणं उडवणार. ज्यांना छापा पडेल असं वाटतं त्यांनी हात वर करा, बाकीच्यांनी खाली ठेवा. चुकेल तो खाली बसेल."

एक सेवेकरी आडवा आला. करमाळ्याच्या एका आडदांड गड्यानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं.

नाणं उडालं. निम्मी शेड खाली बसली. पुन्हा उडालं, उरलेल्यांतली निम्मी बसली. पाचव्या वेळेला दहा माणसं उभी होती. आठव्या वेळेला एकच उरली. अक्कलकोटकडची नागव्वा, सत्तरीची, कमरेत वाकलेली.

"आज्जी, आठ वेळा बरोबर," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

शेजारणीनं तिच्या कानात ओरडून सांगितलं. नागव्वा म्हणाली, "मला कायबी ऐकू येत न्हाय, अव्वा. हात दुखला की खाली घेत व्हते."

लोक हसले आणि मग हळूहळू हसू ओसरलं.

"हेच तुमचे महाराज," मॅडम म्हणाल्या. "चौसष्ट गट. निम्म्यांना चढणार, निम्म्यांना उतरणार. चुकलेले बत्तीस बंद करायचे. राहिलेल्या बत्तिसांचे पुन्हा दोन भाग. मग सोळा, आठ, चार, दोन. पाच आठवड्यांनी मंद्रूप आणि करमाळा उरले. सहाव्याला मंद्रूप गेलं. करमाळ्याला सगळं खरं दिसलं, कारण खोटं ज्यांनी ऐकलं ते त्यांच्यासमोर नव्हतेच. आता ते इथं आहेत. ज्यांचे गट बंद पडले त्यांनी हात वर करा."

आधी एकही हात हलला नाही. मग मागच्या बाजूला एका पुरुषानं हात वर केला, त्याच्या शेजारच्यानं केला, आणि मग शेडभर हात झाले.

"त्रेसष्ट गट बंद," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक गटाला एक बाई सापडली असेल. त्यांची नाकं कुणी घासली?"

तेवढ्यात मागचं शटर वाजलं. महाराज पापणीवरचा भाव घेऊन निघाले होते. गेटपर्यंतही पोचले नाहीत. पोलीस आले तेव्हा ते करमाळेकरांच्या मधोमध बसून पाणी मागत होते. पूर्वी ते लोकांना फोन करून विमा विकायचे, हे त्यांनीच सांगितलं. पुढं दानेश्वरीनं रीतसर तक्रार दिली. तिच्यामागून आणखी नऊ गावांच्या बायकांनी दिली. नऊच. बाकीच्या अजून गप्प आहेत.

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणीतरी मॅडमना विचारलं, "मंग भाव कळायचा कसा?"

"नक्की कळणार नाहीच," मॅडम म्हणाल्या. "अंदाज करता येतो. आजचा भाव आहे तसाच राहील, हा एक अंदाज. मागच्या चार वर्षांत या आठवड्यात काय झालं, हा दुसरा. यार्डात आवक किती चाललीय, हा तिसरा. तिन्ही आधी लिहून ठेवा आणि त्यांची सरासरी धरा. एकटा अंदाज कधी फार चुकतो. तिघांच्या चुका वेगवेगळ्या बाजूला असल्या तर एकमेकींना थोड्या कापतात."

"आन् तिघातला सगळ्यात हुशार कंचा, त्यालाच धरलं तर?" बजाबाईनं विचारलं.

"झालेल्या दिवसांवर निवडला तर कुणीही हुशार दिसतो, काकू. मघाशी नागव्वाही दिसली. निवडायचाच तर पुढच्या दहा आठवड्यांवर पारखून निवडा. आणि चुकाही मोजा. चुका दाखवत नाही त्याचा अंदाज घेऊ नका."

मंद्रूप आलं. घरासमोर उतरल्यावर ती उंबऱ्यापाशी थांबली आणि सुनेला म्हणाली, "आत चल, पोरी. तुजा काय दोष नव्हता. त्यो भामटा निघाला."

आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. पोर निर्दोष निघाली म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं. दानेश्वरी मात्र जागची हलली नाही.

"आत्याबाई, आन् त्यो भामटा नसता तर?" ती म्हणाली. "त्याचा प्रत्येक अंदाज खरा ठरला असता, तर माजा दोष व्हता का?"

अभिमन्यूनं यावेळी चपलांकडं बघितलं नाही. तो पत्र्याच्या खोलीत गेला, तिची वळकटी उचलून घरात ठेवली, आणि परत येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. ती बऱ्याच वेळानं आत गेली. सासूशी ती अजून मोजकंच बोलते, आणि ते बरोबरच आहे.

महाराजांची युक्ती आता गावातल्या शाळकरी पोरालाही सांगता येते. पण तेवढ्यानं भागत नाही. उद्या दुसरा कुणी चौसष्ट गटांऐवजी दुसरी युक्ती घेऊन येईल. त्याला सहा वेळा खरं ठरल्याचं कौतुक सांगू द्या, आणि त्याला एवढंच विचारा, बाबा, चुकलास किती वेळा, आणि त्या चुका कुठं ठेवल्यास? आणि तो एखाद्या बाईकडं बोट दाखवायला लागला, तर उत्तरासाठी थांबू नका. शटर अर्धं ओढून ओट्यावर उभे राहू नका. मी राहिलो होतो.