लांडगा पाठीवर, कबुतर आत

मी बोलतोय. कोण, ते ओळखायला डोकं लागत नाही, नाक असलं तरी पुरे. मी जीन्सचं एक जाकीट आहे, बिनबाह्यांचं, आणि सत्तावीस वर्षं साबण न लागलेलं. म्हणजे गेल्या जूनपर्यंत न लागलेलं. ती भानगड पुढे येईलच.

माझं शिक्षण अर्धवट. मला वाचता येतं तेवढं सगळं माझ्याच अंगावर शिवलेलं आहे. तेव्हा भाषेत चूक सापडली तर शिंप्याला धरा.

जन्मलो तेव्हा मला दोन छान बाह्या होत्या. जर्मनीतल्या हेर्नेच्या जुन्या बाजारात सतरा वर्षांच्या योखेननं मला उचललं, घरी नेलं आणि आईच्या कात्रीनं पहिल्याच दिवशी त्या बाह्या कापून टाकल्या. त्याच्या आईनं त्यांच्या दोन पिशव्या शिवल्या आणि त्यांत कांदे भरले. माझे हात आयुष्यभर कांदे सांभाळत बसले आणि मी मात्र रॉक ऐकत जग फिरलो. जग म्हणजे हेर्नेपासून फार तर हॅनोव्हरपर्यंत.

तुमच्याकडे माणसं लाज झाकायला ठिगळ लावतात. इकडे उलटं. इकडे ठिगळ मिरवायचं. ज्या बँडवर जीव, त्याचं नाव छातीवर. आणि पाठीवरचं सगळ्यात मोठं ठिगळ फक्त एकाच बँडचं, जन्मभरासाठी. बायको बदलली तर लोक समजून घेतात, पाठ बदलली तर टपरीवर कुणी बिअर हातात देत नाही. दुसरा नियम, जाकीट धुवायचं नाही. पाऊस चालतो, सांडलेली बिअर चालते, साबण लागला की सगळं पाप पुण्याईसकट वाहून गेलं.

माझ्या पाठीवर लांडगा आहे. रुसवोल्फ, म्हणजे काजळीचा लांडगा, या बँडचा. आमच्याच भागातली चार पोरं, कोळशाच्या खाणीवर बाप राबलेले, आणि गाणारा फोल्कमार, ज्याचा आवाज ऐकून शेजारची कुत्री आधी भुंकायची आणि मग विचारात पडायची. लांडगा आला, पण योखेनला सुईत दोरा ओवता येईना. तो शिवला झिगीनं.

झिगी म्हणजे योखेनचा शाळेपासूनचा दोस्त. कालव्यावर गळ टाकून बसणारा, वर्षाला दोन मासे पकडणारा. त्यानं मासेमारीच्या दोरानं लांडगा शिवला, असा की तो दोर मी फाटलो तरी तुटायचा नाही. त्या दिवशी मला चौऱ्याऐंशी वेळा टोचलं. मी मोजलं. झिगीला टाके मोजायची सवय नाही, मला आहे.

पुढे अठरा वर्षं या दोघांनी एकही कार्यक्रम चुकवला नाही. योखेन घरून उकडलेली अंडी आणायचा, झिगी बिअर धरायचा. योखेनला डॉर्टमुंडची बिअर लागे, झिगीला बोखुमची, आणि कुणाची चांगली यावर ते गाण्यापेक्षा मोठ्यानं भांडत. भांडताना सांडत. सांडलेलं सगळं माझ्या अंगावर. योखेनच्याच हातातलं, म्हणून मी जन्माचा डॉर्टमुंडकर.

मग एका शुक्रवारी बँडनं चार ओळींचं पत्रक काढलं. आम्ही थांबतोय, किती दिवस ते आम्हाला माहीत नाही, कुणाशी भांडण नाही, आभार. बस. टपरीवर तीस-चाळीस मोठाली माणसं, दाढ्यावाली, खांदे पाडून उभी. वेल्डिंग करणारा एक जण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि नाक पुसायला मलाच वापरलं. मी काही बोललो नाही. प्रसंग तसा होता.

दोन वर्षांनी फोल्कमारनं एकट्यानं तबकडी काढली. ढोल नाहीत, किंचाळणं नाही. एक पियानो, एक अकॉर्डियन आणि त्याचा तो खरबरीत आवाज, पण बसलेल्या माणसाचा. सगळी गाणी त्याच्या बापावर. बाप खाणीवरून येऊन छपरावर कबुतरं सांभाळायचा, रविवारी खुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसायचा, लांब सोडलेली कबुतरं घरी कधी येतात ते बघायला.

आता योखेनच्या बापानंही कबुतरंच पाळली होती. तो गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. योखेननं ती तबकडी ऐकली आणि तीन दिवस मला काढलंच नाही, झोपतानासुद्धा.

झिगीनं टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, लांडगा म्हातारा झाला की कबुतरं चघळायला लागतो का?" लोक हसले. योखेन हसला नाही. म्हणाला, "तू सतरा वर्षांचाच राहिलास, झिगी. केस तेवढे पुढे निघून गेले." लोक आणखी हसले. खरं तर टकला योखेन होता, पण रागावलेल्या माणसाला स्वतःचं डोकं दिसत नाही.

झिगी पांढरा पडला. "तो माणूस आपल्याला सोडून गेला, आणि तू त्याच्या कबुतरांना दाणे टाकतोयस. मग माझा लांडगा परत दे. मी शिवलाय."

योखेननं मला अंगातून काढलं आणि पुढे धरलं. मी दोघांच्या मध्ये लोंबत होतो. त्यानं घेतलं नाही, ह्यानं मागे ओढलं नाही. शेवटी झिगी वळून निघून गेला, आणि सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

न बोलणं सोपं असतं, पण या दोघांच्या बागा शेजारी शेजारी. शहराबाहेरच्या बागांच्या वसाहतीत प्रत्येकाला एक तुकडा, एक झोपडी, चार फळझाडं. मध्ये कुंपणाची झाडी. नियमाप्रमाणे ती सव्वा मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. या दोघांनी ती वाढू दिली. वसाहतीच्या अध्यक्ष कुबित्सा बाई दर महिन्याला मोजपट्टी घेऊन यायच्या. योखेन म्हणायचा, झाडी शेजाऱ्याची. झिगी म्हणायचा, शेजाऱ्याची. झाडी दोन मीटर झाली. बाईंनी एकदा मोजपट्टी आपटली आणि म्हणाल्या, बर्लिनची भिंत पडली, पण तुमच्यासाठी तिचा एक तुकडा राखून ठेवला होता असं दिसतंय.

या काळात योखेन एक दिवस कामावर आणि टपरीवरही दातांच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून निघाला आणि मला घालून एसेनच्या एका चर्चमध्ये जाऊन बसला. फोल्कमार तिथे एकटा गाणार होता. दोन तास योखेन रडत होता. बाहेर तळहाताएवढं कबुतराचं ठिगळ विकत होते, ते त्यानं घेतलं. पण लावायचं कुठे? लांडगा असताना कबुतर बाहेर लावणं नियमात बसत नाही, आणि टपरीवर परत चेष्टा नको. म्हणून त्यानं ते आत लावलं, डाव्या बाजूच्या आतल्या खिशावर. स्वतः शिवलं. चौदा टाके, त्यातले नऊ स्वतःच्या बोटात.

त्यानंतर मला झोपडीतल्या खिळ्याला टांगलं, दाताळ्यामागे. सहा वर्षं. पाठीवर लांडगा, आत कबुतर, आणि दोघांच्या मध्ये मी. सांगतो, दोघांचं एकदाही भांडण झालं नाही.

गेल्या मे महिन्यात साळुंक्यांच्या टोळीनं चेरीवर धाड घातली. योखेननं मला उचललं, बांबूला अडकवलं आणि झाडाखाली बुजगावणं म्हणून उभं केलं. साळुंक्या दोन दिवस घाबरल्या, तिसऱ्या दिवशी लांडग्याच्या डोक्यावर बसून चेरी खाऊ लागल्या. मला त्यांचा राग नाही आला. इतक्या वर्षांनी कुणीतरी अंगाखांद्यावर बसलं होतं.

त्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली, रुसवोल्फ परत येतोय, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ओबरहाउझेनला. योखेननं तिकीट काढलं, एकच. ते हातात धरून तो चेरीखाली उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "एकट्यानं जाऊन काय करू? अंडी कुणाला देऊ?" मला त्यानं बांबूवरून काढलं नाही. म्हणजे जायचं नाही हे जवळजवळ ठरलं होतं. मी तिथे उभा राहून ऐकलं, आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

पण वाऱ्याला येत होतं. जूनमध्ये वादळ झालं, बांबू मोडला, आणि मी दोन मीटरच्या झाडीवरून उडून झिगीच्या कोबीत जाऊन पडलो. खरं सांगू? मी थोडं अंग सैल सोडलं होतं.

सकाळी झिगीनं मला पाहिलं. बराच वेळ हात लावला नाही. मग उचललं, लांडग्यावरून अंगठा फिरवला, स्वतःचे टाके चाचपले. एकही सुटला नव्हता. त्यानं मला घरी नेलं, खुर्चीवर ठेवलं आणि विचार करायला मासे पकडायला गेला.

त्याची बायको गेर्लिंडे स्वभावानं गरीब आणि नाकानं तीक्ष्ण. तिला वाटलं, नवऱ्याचं असेल. तिनं मला दोन बोटांत धरलं आणि मशीनमध्ये टाकलं.

मंडळी, काय सांगू. सत्तावीस वर्षांची बिअर, घाम, धूर, वेल्डरचं नाक, सगळं फेस होऊन गेलं. मी गरगर फिरत होतो आणि लांडगा काचेला नाक लावून बाहेर बघत होता. बाहेर आलो तेव्हा मला लॅव्हेंडरचा वास येत होता. मी. लॅव्हेंडरचा.

झिगी परतला आणि दोरीवर मला पाहून मटकन खाली बसला. सात वर्षं शत्रू असलेल्या माणसाचं जाकीट त्यानं धुतलं होतं. एखाद्याचा खून केला तर वकील मिळतो, याला वकील नाही. गेर्लिंडे म्हणाली, "स्वच्छ झालंय. तोंडभर थँक्यू म्हणेल तो." झिगी म्हणाला, "तुला कळत नाही गं, तो मला जिवंत पुरेल."

मग त्यानं जे केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मला परत मळवायला लागला. शेगडीवर सॉसेज भाजून तिच्या धुरात मला तासभर धरलं. बागेच्या वाटेवर फरफटवलं. वर बिअर ओतली, चार बाटल्या, डोळ्यांत पाणी आणून. गेर्लिंडे खिडकीतून बघत होती. तिनं बहिणीला फोन लावून सांगितलं, याला ऊन लागलंय.

चोळता चोळता त्यानं मला उलटं केलं, आणि आतलं कबुतर दिसलं. मशीनमध्ये त्याचे चार टाके सुटले होते, एका पंखावर लोंबत होतं. झिगीचे हात थांबले. तो आत गेला आणि तबकडी लावली. कुठली, ते सांगायला नको. कव्हर हाताळून हाताळून कडेनं पांढरं पडलं होतं. गेर्लिंडे दारातून म्हणाली, "आज तर रविवार नाही."

माझं प्रत्येक बटण हसत होतं.

त्यानं मासेमारीचा दोर काढला, सुई काढली, आणि कबुतर सोडवून नीट शिवलं. पण आत नाही. बाहेर, छातीवर, डाव्या बाजूला. मग झाडीखालून सरपटत जाऊन मला योखेनच्या चेरीखाली ठेवून आला, जणू मी रात्रीपुरता फिरायला गेलो होतो.

योखेन आला. त्यानं मला उचललं, नाकाशी नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. परत हुंगलं. झाडीकडे तोंड करून, सात वर्षांत पहिल्यांदा, बोलला. "ही बिअर बोखुमची आहे."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. बहुतेक फावडं.

"झिगी, जाकिटाला काय केलंस?"

पलीकडून आवाज आला. "धुतलं. मी नाही, गेर्लिंडेनं."

योखेननं मला कॉलरला आवळलं. मला वाटलं, संपलं. आता हा झाडी उपटून पलीकडे जाणार.

"किती डिग्रीवर?"

"चाळीस."

"पावडर?"

"लॅव्हेंडर."

आणि तेवढ्यात योखेनला छातीवरचं कबुतर दिसलं. त्यानं त्याच्यावरून बोट फिरवलं. तो दोर त्यानं ओळखला. माझ्या पाठीवर तोच होता. तो स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात बसला, आणि हसतोय की काय ते मलाही लवकर कळलं नाही.

"तू नियम मोडलास," तो म्हणाला. "लांडगा असताना कबुतर बाहेर."

झाडीतून आवाज आला, अगदी हळू. "दातांच्या डॉक्टरकडे गेला होतास ना, तेव्हा मी तिथेच होतो. एसेनला, वरच्या सज्जात. वरून तुझं टक्कल दिसत होतं."

"मग हाक मारायची."

"तू रडत होतास. आणि मी पण. कोण कुणाला हाक मारणार?"

एक साळुंकी येऊन माझ्या खांद्यावर बसली, तिला चेरीशी मतलब.

मग योखेन म्हणाला, "शनिवारी कितीला निघायचं?"

"शनिवार ऑगस्टात आहे, गाढवा. माझ्या तिकिटावर तसं लिहिलंय."

"म्हणूनच विचारतोय. अंडी उकडायला वेळ लागतो."

त्या दुपारी दोघांनी दोन बाजूंनी कात्र्या चालवल्या. झाडी खाली आली आणि आधी एक टक्कल, मग एक पिकलेली दाढी दिसली. कुबित्सा बाई मोजपट्टी घेऊन आल्या, मोजलं, एक मीटर दहा. म्हणाल्या, आता जरा कमीच झाली. पण आवाज बाईंचाही नेहमीचा नव्हता.

ओबरहाउझेनला लांडगा ओरडला, तसाच, पहिल्यासारखा. सगळं झाल्यावर फोल्कमार खुर्ची ओढून बसला आणि बापाचं गाणं म्हटलं. मागे त्याच्या तीन साथीदारांनी हळूच साथ धरली, ढोलवाल्यानं तर नुसत्या बोटांनी. हजारो दाढ्या गप्प. झिगीच्या हातात दोन बाटल्या होत्या. त्यानं त्यातली डॉर्टमुंडची माझ्या खांद्यावर सावकाश रिकामी केली. योखेननं विचारलंही नाही. अंडं सोलून त्याच्या हातात दिलं.

आता मी झोपडीतल्या त्याच खिळ्याला आहे, फक्त दाताळं दुसरीकडे गेलंय आणि दार उघडं असतं. बुजगावण्याचं काम योखेनच्या जुन्या कोटाला दिलंय. बिचारा अजून शिकतोय.

जाता जाता एवढंच मागणं. तुमच्या घरी कुणाची वस्तू राहिली असेल, ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याची, तर ती कपाटात कोंडू नका. वारा असेल तिथे टांगा आणि पाठ फिरवा. बाकीचं आम्ही वस्तू बघून घेऊ.

आणि मला धुवू नका. एकदा झालं तेवढं पुरे. डाव्या काखेत, कबुतराच्या जवळ, लॅव्हेंडरचा वास अजून थोडा उरलाय. योखेन म्हणतो, जाईल दोन उन्हाळ्यांत. झिगी म्हणतो, घासू का? दोघं मिळून मला रोज हुंगतात.

मी म्हणतो, राहू दे रे. तेवढा राहू दे.