बा म्हटलं की हात वर

मला सगळे रागीट म्हणतात. म्हणोत बापडे. सासूबाई तर म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसली तर माशीच माफी मागून उडेल. पण ज्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, नेमकी त्याच दिवशी मी गप्प बसले आणि त्याचं फळ भोगलं माझ्या जोडीदारणीच्या, सुतळीच्या बोटांनी. ते मनातून जात नाही, म्हणून सांगते.

आमची लाँड्री मोठी. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी ढिगाने येतात. धुऊन पिळून झाल्या की आमच्याकडे रोलरवर. रोलर म्हणजे तापलेलं लोखंडी लाटणंच म्हणा, दोन माणसं डोक्याला पाय लावून आडवी झोपतील एवढं लांब. चादरीचं एक टोक मी धरते, दुसरं सुतळी. उंच, बारीक, वाऱ्याने उडेल अशी, म्हणून सुतळी. दोघींनी टोकं एकदम पट्ट्यावर ठेवायची, पट्टा चादर आत ओढतो.

चादर फाटकी निघाली की घोळ होतो. सुटलेली शिवण उलटते आणि बोटांभोवती गुंडाळते. जिच्या बोटांना गुंडाळते तिला ते दिसत नाही, कारण वर चादर असते. दिसतं ते दुसरीला. म्हणजे माझे हात तिच्या डोळ्यांच्या भरवशावर आणि तिचे माझ्या. सहा वर्षं हे असंच चाललंय. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, आणि ऑफिसची भाषा मला कामचलाऊ, तिला जेमतेम पगारापुरती.

दिसलं की ओरडायचं, "बा!" झालं. हॉलमधल्या प्रत्येकाने हात वर करायचे, साबणवाला असो, ड्रायरवाली असो, घडीवाल्या असोत. मग रोलर थांबवायचं बटण. बटण दाबल्यावरही रोलर हातभर चादर खातोच, म्हणून आधी हात, मागून बटण. आणि जिने हाक दिली तिने आपले हात खाली घेतल्याशिवाय दुसऱ्या कुणी घ्यायचे नाहीत. कारण काय झालंय ते तिनेच पाहिलेलं असतं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मुकादम म्हणतो, तो नोकरीला लागला तेव्हाही असंच होतं, आणि त्याच्या डोक्यावर तेव्हा केस होते.

दोन महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. कडक इस्त्री, नवी वही. त्यांनी हा शब्द ऐकला आणि प्रत्येकाला एक फॉर्म दिला, 'बा' म्हणजे काय ते लिहा. आता आम्ही काय लिहिणार? मी लिहिलं, बाप. ड्रायरवालीने लिहिलं, आई. सुतळीने तीन बोटं दाखवली, त्यांच्यात तो आकडा आहे. घडीवालीच्या भाषेत आठ. साबणवाल्याकडे त्याचा अर्थ 'नाही', म्हणजे नकार. गेटवाला म्हणाला, आमच्यात ते प्रश्नाच्या शेवटी लावतात. मुकादमाने लिहिलं, मेंढरू.

साहेबांनी फॉर्म टेबलावर आपटले. "एक शब्द आणि सात अर्थ! अशा शब्दावर माणसांचे जीव टांगायचे?"

मुकादम म्हणाला, "साहेब, अर्थ कोण लावत बसतंय? कानावर पडलं की हात वर."

पण नव्याचे नऊ दिवस. फलक लागला. यापुढे मान्य वाक्य एकच: 'कृपया सर्वांनी आपापले हात यंत्रापासून दूर घ्यावेत.' जो जुना शब्द वापरेल त्याला लेखी ताकीद. तीन ताकिदी माफ, चौथीला घरचा रस्ता. मला पहिल्याच आठवड्यात तीन मिळाल्या. सहा वर्षांची सवय जिभेला, ती काय फलक वाचून बोलते?

नवव्या दिवशी ती चादर आली. सुतळीच्या बाजूची शिवण सुटलेली, मला स्पष्ट दिसली, तिच्या बोटांवरून वळताना दिसली. 'बा' ओठांपर्यंत आला होता. आणि माझ्या पाठीशी साहेब वही घेऊन उभे होते. चौथी ताकीद. घराचं भाडं, ह्यांचं सुटलेलं काम, सासूबाईंची औषधं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे नाचलं. मी तो शब्द गिळला आणि म्हणाले, "कृपया सर्वांनी आपापले..."

'आपापले'ला सुतळी किंचाळली.

तीन बोटं. डॉक्टर म्हणाले, वाचतील, पण वाकतील की नाही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, वर चहाही मागवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. समोर एक कागद ठेवला, त्यावर माझ्या तोंडची तीन वाक्यं: मी ठरलेलं वाक्य म्हटलं. तिने हात काढले नाहीत. तिला ऑफिसची भाषा येत नाही. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"यात एक तरी शब्द खोटा आहे का?" साहेबांनी विचारलं.

नव्हता. हीच तर गंमत. प्रत्येक शब्द खरा, आणि सगळ्याचा मिळून अर्थ असा की चूक सुतळीची, तेव्हा दवाखान्याचं तिचं तिने बघावं आणि बरी झाली तरी परत येऊ नये. मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी हे म्हणाले, "सही करून मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मीही तोंडाने 'बघू' म्हणत होते. सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या कागदात तू भ्यालीस ते लिहिलंय का गं?"

"नाही."

"मग तो अर्धाच कागद आहे. अर्ध्या कागदावर सही करत नसतात."

मला रडूच आलं. तीन दिवस कुणी तो शब्द काढला नव्हता, मीसुद्धा नाही. हो, भ्याले होते मी. आणि आता पुन्हा भ्यायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सही केली नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, मोठ्या ऑफिसातून तपासणीस बाई येताहेत, त्यांच्यापुढे प्रात्यक्षिक होईल, मग बघू.

बाई आल्या. चष्मा, कमी बोलणाऱ्या. सुतळीलाही बोलावलं होतं, ती हाताला पट्टी बांधून भिंतीशी स्टुलावर बसली होती. तिची नोकरी चालली आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण माणसाला कळतं हो. रोलर थंड ठेवला होता, नुसता फिरता. मी म्हटलं, "साहेब, सुतळीच्या जागी तुम्हीच उभे राहा ना. वाक्य तुमचंच आहे."

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. बाई बघत होत्या, म्हणून साहेबांना नाही म्हणता येईना. बाह्या सरसावून उभे राहिले. त्यांची बोटं होती तिथे मुकादमाने चादरीला लाल दोरा बांधला. चादर पट्ट्यावर गेली आणि मी अगदी नम्रपणे सुरुवात केली, "कृपया सर्वांनी आपापले हात..." साहेबांनी चादर कधीच सोडली होती, काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. पण दोरा 'आपापले'लाच आत गेला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"सरावाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. त्यांनी दुसरी चादर उचलली, टोक पट्ट्यावर धरलं आणि बाईंकडे वळून समजावू लागले. "एका शब्दाला एकच अर्थ हवा. शिस्त म्हणजे..."

मी पोटातून ओरडले, "बा!"

तीस-पस्तीस माणसांचे हात वर गेले. साबणवाल्याच्या कोपरांवरून फेस ओघळत होता. ड्रायरवालीच्या हातात उशीची खोळ तशीच लटकत होती. मुकादमाने एका हाताने बटण दाबलं आणि दुसरा वर केला, नंतर दोन्ही. आणि साहेब? साहेबांचेही दोन्ही हात वर! चादर त्यांच्या बुटांवर पडली होती.

बाईंनी त्यांना विचारलं, "तुमच्या भाषेत याचा अर्थ काय?"

साहेब आपल्याच हातांकडे बघत होते. "काहीच नाही," म्हणाले. "आमच्यात हा शब्दच नाही."

मग त्यांना भान आलं आणि त्यांनी हात खाली घेतले. एकट्यांनीच.

"ठीक आहे, मला समजलं," बाई म्हणाल्या. "हात खाली घ्या सगळ्यांनी."

कुणी घेतले नाहीत. हाक मी दिली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी भ्यालेच होते, खोटं कशाला बोलू. पण हात होते तिथेच ठेवले.

"बाई, आधी लिहून घ्या," मी म्हटलं. "त्या दिवशी मला शिवण दिसली होती. मी 'बा' म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी भ्याले. सुतळीची चूक नाही. ती बरी होऊन इथेच परत येईल, दवाखान्याचं लाँड्री बघेल, आणि तो फलक उतरेल. हे सगळं लिहा, मग हात खाली येतील."

"ही धमकी आहे!" साहेब ओरडले.

"नाही साहेब," मुकादम हात वर ठेवूनच म्हणाला. "ही आमची पद्धत आहे."

यंत्रं बंद. ओल्या चादरींचा ढीग दारापर्यंत आलेला. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. बाईंनी एकदा हॉलभर नजर फिरवली, मग खुर्ची ओढून बसल्या आणि लिहू लागल्या. मी म्हटलं, मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी वाचून दाखवलं, अगदी 'मी भ्याले'सुद्धा. खाली मी सही केली. त्यासाठी उजवा हात तेवढा खाली आणला, डावा वरच ठेवला.

त्याच संध्याकाळी साहेबांनी मला चौथी ताकीद दिली. पुढे माझं काय करायचं ते मोठं ऑफिस अजून ठरवतंय. ठरवू दे. मी रोज कामावर जाते आणि गरज पडली की ओरडते.

पण त्या दुपारचं सांगते. सही झाली, मी हात खाली घेतले, मग सगळ्यांनी घेतले. भिंतीकडे बघितलं तर सुतळी उभी होती. तिचे दोन्ही हात अजून वर होते, पट्टीचासुद्धा. मी मान हलवून खूण केली, झालं गं, घे खाली. तिने आधी माझे हात नीट बघितले, एक-एक बोट, आणि मगच आपले खाली घेतले.