तिघींची अदलाबदल

शुक्रवारी चार वाजता कॉलेजच्या बोर्डावर अकरावी कॉमर्सच्या तुकड्यांच्या याद्या लागल्या. दर्शनाने आपलं नाव आधी ए तुकडीत शोधलं, मग दोन उड्या मारून पुढच्यांच्या डोक्यांवरून पुन्हा ए तुकडीतच शोधलं, आणि शेवटी बाकीच्या याद्या वाचल्या. नाव सीमध्ये होतं.

तुकड्या तीनच. ए म्हणजे सकाळ आणि एसपी. बी म्हणजे सकाळ आणि गणित. सी म्हणजे एसपीच, पण दुपारी, बारा वीस ते साडेपाच. एसपीचं पुस्तकातलं नाव 'चिटणीसाची कार्यपद्धती' असं भारदस्त आहे, पण ते नाव प्राध्यापकसुद्धा घेत नाहीत.

आता साडेपाचला ठाण्यात कॉलेज सुटणार आणि पाचला शहाडला बुद्धविहारामागच्या मैदानावर कबड्डीचा सराव सुरू होणार. देवानेही जमवायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या कुमारी गटाची निवड होती आणि काळुराम सरांनी सगळ्या पोरींना एका ओळीत उभं करून सांगितलं होतं, "पाच म्हंजे पाच. कॉलेज हाय, पावनं हायेत, पोट दुखतंय, मना काय सांगू नका. जी नाय येल तिचं नाव कट."

सर बोलले की बोलले. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या भाचीचं नाव कट केलं होतं.

आणि दर्शनाला हे नाव जपायचंच होतं. नववीपर्यंत ही मुलगी हजेरीला 'प्रेझेंट' इतकं हळू म्हणायची की बाई दोनदा गैरहजेरी लावायच्या. मग कुणीतरी तिला मैदानावर ओढून नेलं, आणि तिथे तर श्वास संपेपर्यंत मोठ्याने बोलत राहणं हाच खेळ! दोन वर्षांत तिचा आवाज असा काही सुटला की आई आता म्हणते, "बाई गं, जरा व्हॉल्यूम कमी कर, शेजारच्यांच्या टीव्हीचं ऐकू येत नाही त्यांना."

तोच आवाज घेऊन ती ऑफिसच्या खिडकीशी गेली.

"मॅडम, मला ए तुकडी हवीय."

खिडकीआड सरोज मॅडम बसायच्या. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात शिक्का. "सगळ्यांनाच ए हवीय. सकाळच्या तुकड्या फुल आहेत."

"मग काहीच नाही का होणार?"

"अदलाबदल होईल. कुणीतरी शोध, जिला तुझी जागा हवीय आणि तुला तिची. दोघींचा एक अर्ज, दोघींच्या पालकांच्या सह्या. एका विद्यार्थ्याला एकदाच. उद्या एक वाजेपर्यंत. नंतर माझ्याकडे रडत आलात तरी मी ऐकणार नाही."

दर्शनाने अर्ज घेतला आणि पायऱ्यांवर बसून कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं: 'दुपार देते, सकाळ हवीय. ए तुकडीतलं कोणी आहे का?' पाच मिनिटांत चौदा उत्तरं आली. चौदाही जण दुपारचे होते आणि चौदाही जणांना सकाळ हवी होती. एकाने तर वर लिहिलं होतं, 'मिळाली की मला पण सांग, ताई.'

रात्री आईने अर्जावर सही केली. "मिळेल गं," ती म्हणाली, "नाहीतर तू त्या मॅडमना खिडकीतून बाहेर ओढशील." दर्शना हसली, पण तिला झोप काही धड लागली नाही.

सकाळी साडेनऊला एकच मेसेज आला, ग्रुपवर नव्हे, तिला एकटीला. मैथिली नावाची कोणी. 'मला दुपार चालेल. म्हणजे हवीच आहे. पण मी बीमध्ये आहे, गणितवाली. गेटपाशी भेटशील?'

मैथिली निघाली उंच, बारीक, आणि बोलायला इतकी हळू की दर्शनाला दोन वर्षांपूर्वीची दर्शनाच दिसली.

"माझा मामा डोंबिवलीला पेट्या दुरुस्त करतो," मैथिली म्हणाली. "हार्मोनियम. त्याचं सगळं काम सकाळचं, कारण दुपारी रस्त्यावरच्या गोंगाटात सूर लावता येत नाहीत. तो म्हणतो माझा कान चांगला आहे. मला ते शिकायचंय. आणि दुपारी एसपी आहे ते तर बरंच झालं, मला गणित नकोच आहे."

"एकदम झकास! मग मी तुझ्या जागी..." आणि दर्शनाची गाडी तिथेच थांबली. मैथिलीच्या जागी म्हणजे बीमध्ये. बी म्हणजे गणित. दहावीला गणितात दर्शनाला त्रेचाळीस पडले होते, तेसुद्धा बोर्डाच्या कृपेने.

"तू गणित घेशील का?" मैथिलीने विचारलं.

दर्शनाने डोळे मिटले. एकीकडे दोन वर्षं गणित, दुसरीकडे काळुराम सरांच्या वहीत नावावर मारलेली काट. "घेईन," ती म्हणाली. "मरेन, पण घेईन. चल."

ऑफिसपाशी पोहोचल्या तर खिडकीत आधीच भांडण चालू होतं. एक गोल चेहऱ्याची मुलगी आणि तिची आई दोघी एकदम बोलत होत्या.

"मॅडम, मी फॉर्ममध्ये गणितच सांगितलेलं. त्या सायबर कॅफेवाल्याने एसपीवर टिक केलं. मला पुढे स्टॅटिस्टिक्स करायचंय हो!"

"अगं अमृता, पण बी तुकडी भरलीय," सरोज मॅडम म्हणाल्या. "गणिताची एक जागा दाखव, लगेच देते. तुला ए मिळालीय, सकाळची, लोक त्यासाठी जीव टाकतायत."

दर्शनाच्या डोक्यात कुणीतरी खटकन दिवा लावला. तिने मैथिलीचा हात इतका जोरात धरला की ती "आई गं" म्हणाली.

"ए, तू ए तुकडीत आहेस?" दर्शनाने अमृताला विचारलं. "आणि तुला बी हवीय? हिची?"

"हो. का?"

"मॅडम! मॅडम, थांबा. जमलं! हिला हिचं हवंय, हिला माझं, आणि मला हिचं!"

"कुणाला कुणाचं?" सरोज मॅडमनी चष्मा काढला. "हे बघ, अर्जात दोनच रकाने आहेत. दोघांचीच अदलाबदल. तिघांचं मी आजवर केलेलं नाही."

"मग आज करा ना."

"अगं, मला नीट कळलंच नाही तर मी सही कशावर घेऊ?"

ऑफिसात भिंतीला लागून तीन स्टुलं होती. दर्शना दारातून सरळ आत गेली. शिपाई "ए ए" करेपर्यंत तिने तिन्ही स्टुलं गोल मांडली होती. "हे ए. अमृता, बस. हे बी. मैथिली, तू. हे सी, माझं. आता बघा हं मॅडम. मी शिट्टी वाजवली की प्रत्येकीने उजवीकडच्या स्टुलावर जायचं." आणि दोन बोटं तोंडात घालून तिने खरंच शिट्टी वाजवली.

अमृता बीवर गेली, मैथिली सीवर, दर्शना एवर. तिघी बसल्या. कुणी उभं नव्हतं, स्टूल कुठलं रिकामं नव्हतं.

"तुकडीतली संख्या तेवढीच," अमृता म्हणाली. "एकाने कमी नाही, एकाने जास्त नाही." गणित हवं असणारीच ती, हिशेब तिनेच पूर्ण केला.

सरोज मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. हसत होत्या की काय कोण जाणे. मग टेबलावरून दुसऱ्या अर्जाचा कागद ओढला, पट्टी घेतली आणि दोन रकान्यांच्या खाली स्वतःच्या हाताने तिसरा आखला. "वर उपप्राचार्यांची सही लागेल, ती मी आणते. पण तिघींच्याही पालकांच्या सह्या हव्यात. आत्ता अकरा वीस झालेत. एकला खिडकी बंद."

अमृताच्या आईने तिथल्या तिथे सही ठोकली. दर्शनाच्या जुन्या अर्जावर आईची सही होतीच, मॅडमनी ती जोडून घेतली. राहिले मैथिलीचे बाबा.

"ते येतायत," मैथिली म्हणाली. "वर्तकनगरहून. दुपारच्या तुकडीला ते तयार आहेत."

मैथिलीचे बाबा, श्रीपाद काका, बरोबर बाराला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, वेळेवर येण्याची सवय असलेला माणूस. त्यांनी पेन उघडलं आणि इथे दर्शनाच्या तोंडाने घात केला.

"काका, थँक यू हं!" ती आनंदाने म्हणाली. "तुमच्यामुळे माझी कबड्डी वाचली आणि मैथिलीचं गणित सुटलं!"

पेन थांबलं.

"गणित सुटलं म्हणजे?"

मैथिलीने मान खाली घातली. दर्शनाला कळलं, हिने घरी फक्त वेळेचं सांगितलेलं. दुपारी गणित नसतं, हे नव्हतं सांगितलं.

"दुपारी गणित नाही?" काकांनी सरोज मॅडमना विचारलं, आणि मॅडमनी मान हलवल्यावर पेनाला टोपण घातलं. "मग शक्य नाही. हिला सीए व्हायचंय."

बारा वाजून दहा मिनिटं. दर्शनाच्या जिभेवर एकदम दहा वाक्यं आली. काका, प्लीज. काका, माझी निवड आहे. काका, तुम्हाला काय माहीत. पण चढाईला गेलेल्याला एक गोष्ट कळते. समोर सात जण असताना नुसतं पुढे पुढे गेलं की पाय पकडला जातो. कधीकधी मागे यावं लागतं. आणि हा डाव तर तिचा नव्हताच. तो मैथिलीचा होता.

"सॉरी, काका," ती म्हणाली. "माझ्यासाठी नका करू सही. मैथिली, तुला नको असेल तर अर्ज फाडू आपण. मी बघेन माझं काहीतरी." ती दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली. अमृताने तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, ही वेडी आहे का?

घड्याळाचा काटा सरकत होता. मैथिलीने ओढणीचं टोक तीन वेळा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"बाबा, सीए तुम्हाला हवंय," ती म्हणाली. आवाज हळूच होता, पण थांबला नाही. "दहावीला गणितात एक्क्याण्णव पडले ते मी रोज रडून काढले. तुम्ही ऑफिसला गेल्यावर रडायचे. मला मामाकडे शिकायचंय. सूर उतरलेली पेटी नीट झाली ना, की मला जे वाटतं ते गणित सुटल्यावर कधीच वाटलं नाही. कॉमर्स मी करणारच आहे, बाबा. पुढे मामासारखं दुकान काढायचं तर ते यायलाच हवं."

श्रीपाद काका तिच्याजवळ आले. मग रागाने नाही, जरा हरवल्यासारखे म्हणाले, "रोज रडायचीस? आणि सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते खिडकीकडे वळले. "बाई, गणित सोडलं की सीएचं दार कायमचं बंद ना?"

"कोण म्हणालं?" सरोज मॅडमनी शिक्का खाली ठेवला. "आमच्याकडची एसपीवाली मुलं सीए झालीत. दाखले मीच दिलेत. अकरावीला गणित पाहिजेच असं काही नाही हो. दार उघडंच आहे. जायचं की नाही ते हिला ठरवू द्या."

काकांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. "सुहासमामाच्या दुकानात धूळ फार असते," ते मैथिलीला म्हणाले. "मास्क लावून बसशील का?"

"बसेन."

"आणि परीक्षेच्या महिन्यात जायचं नाही."

"पंधरा दिवस," मैथिली म्हणाली.

काकांच्या मिशीत काहीतरी हललं. "तू घासाघीस कधी शिकलीस?" त्यांनी टोपण काढलं आणि आखलेल्या रकान्यात सही केली, स्वच्छ, पूर्ण नावाने, खाली तारीख. मग दर्शनाकडे बघून म्हणाले, "आणि तू, कबड्डी. एवढ्या मोठ्याने शिट्टी वाजवलीस म्हणे ऑफिसात?"

"काका, लहानच होती ती," दर्शना म्हणाली, आणि अमृताची आई खो खो हसत सुटली.

सरोज मॅडम अर्ज घेऊन वर गेल्या. तिघी जिन्याखाली उभ्या राहिल्या, वर बघत, जणू वरून काही पडणार होतं. पावणेएकला मॅडम उतरल्या. चेहऱ्यावरून काही कळू देत नव्हत्या. खिडकीत बसल्या, कॉम्प्युटरवर टकटक केलं, तीन चिठ्ठ्या छापून बाहेर सरकवल्या. दर्शनाच्या चिठ्ठीवर होतं: अकरावी वाणिज्य, तुकडी ए, हजेरी क्रमांक सत्तेचाळीस, सकाळी सात दहा.

"उपप्राचार्य सर विचारत होते, ही कल्पना कोणाची," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं, मुलींची. आता पळा. आणि स्टुलं जागच्या जागी ठेवा."

अमृता आईच्या गळ्यात पडली होती. मैथिली चिठ्ठी बाबांना दाखवत होती आणि ते ती खरंच वाचत होते, मागून पुढूनसुद्धा. दर्शनाने स्टुलं भिंतीला लावली, गेटपाशी आली आणि काळुराम सरांना फोन लावला.

"सर! सकाळ मिळाली! मी रोज पाचला येणार, रोज म्हणजे रोज!"

पलीकडे वारा, शिट्ट्या आणि पोरींचा गलका ऐकू येत होता.

"मंग?" सर म्हणाले. "शनवारी दीडला सराव असतो, ठाव नाय का? आर्ध्या पोरी आल्यान पन. तू तथं उभी राहून मना काय सांगतेस?"

दर्शनाने फोन ठेवला, चिठ्ठीची घडी घालून दप्तराच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात सरकवली आणि रिक्षा न बघताच स्टेशनच्या दिशेने धावत सुटली.